रक्त पातळ करणारी गोळी आणि मध्येच आलेली पट्टी

म्हाताऱ्या माणसाला रक्तस्राव झाला आणि घरात रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, की सगळा दोष त्या गोळीवर जातो. माझ्या मते खरा गुन्हेगार पुष्कळदा दुसराच असतो, आणि तो केव्हाच येऊन गेलेला असतो. दाढ काढल्यावरची तीन दिवसांच्या गोळ्यांची पट्टी, जुलाबावरची पाच दिवसांची, नायट्यावरची पंधरा दिवसांची. रक्तस्राव दिसेपर्यंत ती पट्टी संपून तिचा कागद कचऱ्यात गेलेला असतो. दवाखान्यात 'चालू औषधं कोणती?' असं विचारलं तर तिचं नावसुद्धा निघत नाही.

ठाण्या-नवी मुंबईत याला आणखी एक कारण आहे. हृदयाचे डॉक्टर परळचे किंवा मुलुंडचे, गुडघ्याचे नौपाड्यातले, दातांचे स्टेशनजवळचे, त्वचेचे घोडबंदर रोडला मुलाच्या कॉम्प्लेक्समधले. त्यात आजी सहा महिने ठाण्याला आणि सहा महिने खारघरला लेकीकडे. प्रत्येकाची चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते, पण या सगळ्या चिठ्ठ्या एकत्र कोणी पाहत नाही. केमिस्ट पाहू शकला असता, पण आता अर्धी औषधं ॲपवरून येतात आणि उरलेली फोनवर: 'कॉम्बिफ्लामची एक पट्टी पाठवा हो.'

पहिलं काम म्हणजे घरात नेमकी कोणती गोळी चालू आहे ते ओळखणं. आपल्याकडे दोन घराणी आहेत. जुन्या घराण्यात असेनोकुमारॉल (एसिट्रॉम) आणि वॉरफेरिन (वार्फ). या गोळ्या यकृतात व्हिटॅमिन के वापरून तयार होणाऱ्या गोठण-घटकांना अडवतात आणि त्यांचा परिणाम आयएनआर तपासून मोजतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा हा आकडा, जितका वर तितका रक्तस्रावाचा धोका जास्त. नव्या घराण्यात एपिक्साबॅन, रिव्हारोक्साबॅन आणि डॅबिगॅट्रान. त्यांना आयएनआर लागत नाही, आणि आयएनआर काढला तरी त्यावरून काही कळत नाही. हृदयात धातूची झडप बसवलेल्यांना आणि रुमॅटिक तापामुळे मायट्रल झडप अरुंद झालेल्यांना मात्र जुनीच गोळी लागते. धातूच्या झडपेत डॅबिगॅट्रान घातक ठरल्याचं २०१३ मध्ये आणि रुमॅटिक रुग्णांत रिव्हारोक्साबॅन कमी पडल्याचं २०२२ मध्ये चाचण्यांतून दिसलं आहे. त्यामुळे 'शेजारच्या काकांची नवी, बिनकटकटीची गोळी' ही चौकशी तिथेच थांबवावी.

आता दुखण्याच्या गोळ्या. यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, नेप्रोक्सेन, केटोरोलॅक ही सगळी एकाच माळेची औषधं. ती तीन बाजूंनी घात करतात: जठराचं आतलं अस्तर कमकुवत करतात, रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू देत नाहीत, आणि मूत्रपिंडाचं काम मंदावतात. हे तिसरं कारण लोक विसरतात. मूत्रपिंड मंदावलं की नव्या घराण्यातली गोळी अंगात साठत जाते. डेन्मार्कमधला एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शिरेत रक्ताची गाठ झाल्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या रुग्णांत, यांपैकी एखादं वेदनाशामक चालू असताना रक्तस्रावाचं प्रमाण दुपटीहून थोडं जास्त निघालं. एकट्या डायक्लोफेनॅकबरोबर ते तिपटीच्याही पुढे होतं.

'सोबत पॅन्टोप्राझोल आहे ना, मग चालतं' हे वाक्य काउंटरवर सर्रास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. पॅन्टोप्राझोल जठर सांभाळतं. आतड्याचा खालचा भाग, मूत्रमार्ग आणि मेंदू यांना त्याचा काही उपयोग नाही.

नावांचा गोंधळ वेगळाच. कॉम्बिफ्लाम ताकदवान पॅरासिटामॉल आहे असं अनेकांना वाटतं, पण एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन असतं. झेरोडॉल-पी मधला 'पी' पॅरासिटामॉलचा, पण मूळ औषध ॲसिक्लोफेनॅक. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. दातांच्या दवाखान्यातून सर्रास मिळणारी पाण्यात विरघळणारी केटोरॉल डीटी म्हणजे केटोरोलॅक. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर हे औषध द्यायचंच नसतं. दंतवैद्याला गोळी चालू असल्याचं सांगितलं नसेल तर तो ती देणारच, कारण इतरांसाठी ती चांगलीच आहे.

मग काय घ्यायचं? पॅरासिटामॉल, तेही मोजून. दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत, म्हणजे ५०० च्या चार किंवा ६५० च्या तीन. वजन पन्नास किलोच्या आत असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. एसिट्रॉम किंवा वार्फ चालू असताना पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या आसपास तीन-चार दिवसांहून जास्त चाललं, तर आयएनआर वर सरकू शकतो. तेव्हा तपासून घ्यावा. ट्रॅमाडॉल असलेल्या गोळ्यांनीही आयएनआर वाढल्याची उदाहरणं आहेत, शिवाय म्हाताऱ्या माणसाला चक्कर येऊन पडायचं भय वेगळंच.

चोळायच्या मलमांबद्दल कोणी विचारत नाही, म्हणून सांगतो. गंधपुरा तेल म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट, ॲस्पिरिनचं नातेवाईक. बहुतेक बाममध्ये ते असतं. कपाळाला बोटभर लावल्याने काही होत नाही. दोन्ही गुडघे, कंबर आणि पोटऱ्या सकाळ-संध्याकाळ चोळून वर गरम फडकं बांधलं, तर त्वचेतून एवढं शोषलं जातं की वॉरफेरिनवर असलेल्यांचा आयएनआर चढतो. आणि जोरदार मालिश नकोच, स्नायूत रक्त साकळतं.

तसंच कमरेतल्या इंजेक्शनचं. ताप-अंगदुखीला पटकन डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे. रक्त पातळ असताना स्नायूत सुई गेली की आत रक्ताची गाठ धरते, कुल्ला निळा-काळा होतो, कधी हिमोग्लोबिन दोन-तीन ग्रॅमने उतरतं. आणि वरून औषधही नेमकं डायक्लोफेनॅक. त्या दवाखान्यात सुई भरायच्या आधी 'रक्त पातळ करायची गोळी चालू आहे' एवढं बोलायला लाजू नका.

आता लपलेलं ॲस्पिरिन. इकोस्प्रिन ७५ सगळे ओळखतात. पण इकोस्प्रिन एव्ही मध्ये ॲस्पिरिनबरोबर कोलेस्टेरॉलचं औषध असतं, आणि इकोस्प्रिन गोल्डमध्ये ॲस्पिरिनसारखंच प्लेटलेट्सना रोखणारं क्लोपिडोग्रेलसुद्धा. 'ती कोलेस्टेरॉलची गोळी' म्हणून घरात तिची ओळख असते. आठ-दहा वर्षांपूर्वी स्टेंट बसला तेव्हा सुरू झालेली ही कॅप्सूल तशीच चालू राहते, आणि पुढे हृदयाचे ठोके अनियमित झाले म्हणून एपिक्साबॅन वर येऊन बसतं. स्टेंटला वर्ष उलटून प्रकृती स्थिर असेल, तर पुष्कळांना एकट्या रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर ठेवता येतं. जपानमधल्या २०१९ च्या चाचणीत रिव्हारोक्साबॅन एकटं दिलेल्यांत रक्तस्राव कमी झाला आणि हृदयाचं संरक्षण काही कमी पडलं नाही. म्हणून पुढच्या भेटीत एकच प्रश्न न चुकता विचारावा: 'डॉक्टर, ॲस्पिरिन अजून लागतंय का?' उत्तर 'हो' आलं तर त्याला कारण असेल. आपल्या मनाने बंद मात्र करायचं नाही.

नैराश्यासाठी किंवा झोपेसाठी म्हणून दिलेल्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिनसारख्या गोळ्याही प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन कमी करून रक्तस्राव थोडा वाढवतात. एकट्या असताना बहुधा चालून जातं. त्यात दुखण्याची गोळी मिसळली की तिघांचं मिळून प्रकरण होतं.

अँटिबायोटिक आणि बुरशीची औषधं यांचा हंगाम पावसाळा. जुलाब लागले की मेट्रोनिडॅझोल, किंवा ओफ्लोक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी. मेट्रोनिडॅझोल यकृतातलं ते एन्झाइम अडवतं जे वॉरफेरिन मोडून काढतं. गोळी तेवढीच, पण अंगात राहते जास्त. आयएनआर तीन-चार दिवसांत चढायला लागतो, म्हणजे जुलाब थांबून माणूस 'बरा' झाल्यावर. त्यात जुलाबाने आणि अँटिबायोटिकने आतड्यातून मिळणारं व्हिटॅमिन के घटतं, आणि आठवडाभर पेज-ताकावर काढल्याने जेवणातलंही घटतं. तिन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. लघवीच्या जंतुसंसर्गावरचं को-ट्रायमोक्साझोल याहून वाईट. सिप्रोफ्लोक्सासिनही निर्धास्त नाही. म्हणून एसिट्रॉम-वार्फवाल्यांचा नियम सोपा आहे: कुठलंही अँटिबायोटिक सुरू झालं की तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आयएनआर, आणि संपल्यावर आठवड्याने पुन्हा एकदा.

नव्या गोळ्यांनाही सूट नाही. छातीच्या संसर्गाला क्लॅरिथ्रोमायसिन घेतलेल्या आणि ॲझिथ्रोमायसिन घेतलेल्या ज्येष्ठांची कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात तुलना झाली. सगळे नव्या घराण्यातल्या गोळीवर होते. क्लॅरिथ्रोमायसिनवाल्यांत रक्तस्रावाने रुग्णालयात जाण्याचं प्रमाण सुमारे १.७ पट निघालं. ठोके आटोक्यात ठेवायला देतात त्या डिल्टियाझेमचंही असंच. २०२४ मधल्या अमेरिकी अभ्यासात मेटोप्रोलॉल या ठोक्यांच्याच दुसऱ्या औषधाच्या तुलनेत डिल्टियाझेम घेणाऱ्या पासष्टीपुढच्यांत गंभीर रक्तस्राव जास्त आढळला, आणि दिवसाला १२० मिलिग्रॅमच्या वर धोका आणखी वाढला. हे वाचून कोणी डिल्टियाझेम सोडू नये. विचारावं जरूर.

आणि नायटा. आपल्या दमट हवेत जांघेत, कमरेला नायटा धरतो, मलमाने जात नाही, मग इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल सुरू होतात, कित्येकदा चिठ्ठीशिवायच. रिव्हारोक्साबॅन आणि डॅबिगॅट्रानबरोबर हे औषध चालत नाही, एपिक्साबॅनचं प्रमाणही त्याने वाढतं. वॉरफेरिनला फ्लुकोनॅझोल जड जातं. कवळीखाली तोंड येतं म्हणून लावायचं मायकोनॅझोलचं जेलही तोंडातून पोटात जातं आणि वॉरफेरिनवाल्यांचा आयएनआर भलताच वाढवतं. 'जेलच तर आहे' म्हणून ते यादीत कोणी लिहीत नाही. त्वचेच्या डॉक्टरांना स्वतःहून सांगा. नायट्यासाठी आलेल्या माणसाला हृदयाचं औषध काय, असा प्रश्न गर्दीच्या ओपीडीत दर वेळी पडेलच असं नाही.

औषध सुरू केल्यावरच धोका असतो असं समजू नका. बंद केल्यावरचा धोका जास्त फसवा. टीबीचं रिफाम्पिसिन यकृताचा वेग इतका वाढवतं की एसिट्रॉम अपुरी पडते आणि डॉक्टरांना तिचा डोस बराच वाढवावा लागतो. सहा महिन्यांनी कोर्स संपतो, घरात पेढे वाटले जातात, आणि वाढवलेला डोस तसाच राहतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत यकृत मूळ गतीला येतं आणि आयएनआर चढत जातो. फिटची फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन बंद करतानाही हेच. हृदयाचे ठोके नियमित ठेवणाऱ्या अमिओडॅरोनचं उलटं आणि अधिक चिवट. सुरू केल्यावर वॉरफेरिनचा डोस काही आठवड्यांत हळूहळू तिसऱ्या हिश्श्याने ते निम्म्याने कमी करावा लागतो, आणि अमिओडॅरोन बंद केलं तरी ते चरबीत साठून राहिल्याने परिणाम महिनोन्महिने टिकतो.

नव्या गोळ्यांवर असलेल्यांची एक समजूत मोडायला हवी: आयएनआर नाही म्हणजे तपासणी नाही. या गोळ्या कमी-जास्त प्रमाणात मूत्रपिंडातून बाहेर जातात, डॅबिगॅट्रान तर सुमारे ८० टक्के. मूत्रपिंडाच्या कामासाठी रक्तात तपासतात ते क्रिएटिनिन 'नॉर्मल' आहे यावर विसंबू नये. समजा आजी ८२ वर्षांच्या, वजन ४८ किलो, क्रिएटिनिन १.१. रिपोर्टवर ठळक अक्षर नाही, बाण नाही. आता मूत्रपिंड मिनिटाला किती मिलिलिटर रक्त गाळतं याचा हिशेब करू. १४० मधून वय वजा केलं, ५८. गुणिले ४८, म्हणजे २७८४. भागिले ७२ गुणिले १.१, म्हणजे ७९.२, उत्तर ३५. बाईंसाठी ०.८५ ने गुणायचं, म्हणजे जेमतेम ३०. तरुणपणी हाच आकडा शंभरच्या आसपास असतो. याच आजींना ठोक्यांच्या तक्रारीसाठी एपिक्साबॅन द्यायचं तर अडीच मिलिग्रॅम दोनदा, कारण वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिन्हींपैकी दोन गोष्टी लागू झाल्या की डोस निम्मा होतो. तपासणी किती दिवसांनी, याचाही एक ठोकताळा आहे: आलेल्या उत्तराला दहाने भागा, तेवढ्या महिन्यांनी. आजींचं क्रिएटिनिन आणि हिमोग्लोबिन दर तीन महिन्यांनी.

या गोळ्यांचं पेटंट संपल्यावर देशी कंपन्यांच्या ढीगभर ब्रँड आल्या आणि किंमत उतरली, ते चांगलंच झालं. पण रुग्णालयातून घरी येताना एका नावाची एपिक्साबॅन मिळते, घराजवळच्या दुकानातून दुसऱ्या नावाची, आणि घरात दोन्ही चालू राहतात. दुप्पट डोस, तोही शिस्तीत. पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव सोडा, त्याखालचं बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. चष्म्याने जमत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठं करा. डॅबिगॅट्रानची कॅप्सूल गिळता येत नाही म्हणून फोडून मधात देऊ नका, आतले दाणे मोकळे घेतल्यास सुमारे ७५ टक्के जास्त शोषले जातात. आणि ती सोमवार-मंगळवारच्या डबीतही काढून ठेवू नका, आपल्या पावसाळी हवेत ओल लागून खराब होते.

डेंग्यू वेगळा सांगायला हवा. जुलै ते ऑक्टोबर या पट्ट्यात ताप आला की तो डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलशिवाय काही नको. प्लेटलेट्स घसरत असताना रक्त पातळ करणारी गोळी चालू ठेवायची, कमी करायची की थांबवायची, हा निर्णय हृदयाच्या डॉक्टरांचा आणि त्याच दिवशीचा. तापाच्या पहिल्याच दिवशी रक्तपेशींची तपासणी (सीबीसी) करून त्यांना कळवावं. प्लेटलेट्स पन्नास हजारांवर येईपर्यंत वाट पाहू नये.

जेवणाचं फार अवडंबर नको. मेथी, पालक, अळू, शेपू बंद करायची गरज नाही. आठवड्यात साधारण तेवढीच खावी, एवढंच. गोंधळ होतो तो श्रावणात: एकभुक्त, उपास, पालेभाजी जवळपास बंद, की आयएनआर वर. श्रावण संपला की पुन्हा खाली. उपास करायचाच असेल तर मध्ये एकदा तपासावा. नव्या गोळ्यांना पालेभाजीचा काही संबंध नाही. हळदीच्या आणि लसणाच्या कॅप्सूल, गिंको, माशाचं तेल, गुग्गुळाच्या गोळ्या मात्र औषध म्हणूनच धराव्यात आणि यादीत लिहाव्यात. फोडणीतली हळद-लसूण त्यात मोडत नाही.

आयएनआरचं रक्त घरी येऊन घेतात तेव्हा निळ्या झाकणाच्या नळीकडे बघा. त्यात आधीच रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, आणि रक्त खुणेपर्यंत भरलं तरच नऊला एक हे प्रमाण जमतं. सुकलेल्या शिरेतून थेंब-थेंब येत असल्याने नळी अर्धीच भरून नेली तर आयएनआर खोटाच जास्त येतो, डोस विनाकारण कमी होतो आणि गाठीचा धोका वाढतो. खुणेपर्यंत भरली नसेल तर पुन्हा घ्यायला सांगा. रक्त सकाळी, गोळी संध्याकाळी, असं ठेवलं की त्याच दिवशीच्या रिपोर्टवर त्याच रात्रीचा डोस बदलता येतो. 'एक दिवस दोन, एक दिवस तीन' असा डोस असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहून घेतल्यावर खूण करावी. विसरलेल्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नयेत.

दाढ काढायची म्हणून स्वतःच चार दिवस गोळी बंद करणारे अजून भेटतात. साध्या एक-दोन दातांसाठी आयएनआर चारच्या आत असेल तर जुनी गोळी सहसा बंद करत नाहीत. टाका, दाबून धरलेला बोळा आणि ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडची चूळ यांवर भागतं.

कधी धावायचं? शौच डांबरासारखं काळं, चिकट आणि विशिष्ट घाण वासाचं असेल तर लगेच. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते घट्ट, हिरवट-काळं असतं आणि तसा वास येत नाही. लघवी लाल, नाक दाबून धरूनही दहा-पंधरा मिनिटांत न थांबणारं रक्त, न लागता उठलेले मोठे काळे डाग, अचानक धाप आणि फिकटपणा, हीही कारणं पुरेशी आहेत. आणि डोक्याला मार. न्हाणीघरात पाय घसरून डोकं आपटलं, टेंगूळही नाही, आजोबा चहा पीत बोलत बसलेत, तरी त्याच दिवशी रुग्णालय. वयाने मेंदू थोडा आकसतो, कवटीकडे जाणाऱ्या शिरा ताणलेल्या असतात. त्यातून झिरपणारं रक्त कधी दोन-तीन आठवड्यांनी लक्षण दाखवतं: डोकेदुखी, झोपाळूपणा, एक पाय ओढत चालणं, बोलण्यात विसंगती. 'वय झालं' म्हणून ते सोडून देतात.

१०८ ला फोन केलात किंवा रिक्षाने निघालात, तरी तिथल्या डॉक्टरांना दोन गोष्टी आधी हव्या असतात: गोळीचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला. डॅबिगॅट्रानवर इडारुसिझुमॅब हे उताऱ्याचं इंजेक्शन आहे, एसिट्रॉम-वार्फवर व्हिटॅमिन के आणि गोठण-घटकांचं इंजेक्शन (पीसीसी), आणि व्हिटॅमिन केचा परिणाम दिसायला काही तास जातात. कोणता उतारा, किती, की थांबून बघायचं, हे वेळेवर ठरतं. नक्की आठवत नसेल तर 'सकाळी घेतली असावी बहुतेक' असा अंदाज सांगू नका. 'माहीत नाही' म्हणा, म्हणजे ते गोळी नुकतीच घेतली आहे असं धरून चालतील.